घरात आलेली धूळ

हॉर्गनच्या गॅरेजात ठोकलेली गाडी आली की ती आधी डिनी मॅकग्राकडे जायची आणि मग फिंटन क्यूसॅककडे. डिनी पत्रा ठोकून सरळ करायचा. ठोकूनही खड्डा उरला तर त्यात शिसं वितळवून भरायचा आणि कानशीने वरवर सारखं करायचा. त्यावर शेंदरी अस्तर चढलं की पुढचं सगळं फिंटनचं. घासायचं, रंगवायचं, पुन्हा घासायचं. फरमॉय गावात नवी गाडी घेणारे थोडे आणि जुनी गाडी मरेपर्यंत चालवणारे फार, त्यामुळे दोघांनाही कधी हात बांधून बसायची वेळ आली नाही.

फिंटनला हे काम शिकवलं थेडी ब्रॉड्रिकने. थेडी मूळचा घोडागाड्या रंगवणारा. मोटारी आल्या तसा तो मोटारी रंगवायला लागला, पण पद्धत तीच ठेवली. एक बादली पाणी, पिवळ्या साबणाची वडी, आणि रबराच्या ठोकळ्याला गुंडाळलेला काळा वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात न फाटणारा पॉलिश पेपर. पेपर पाण्यात बुडवायचा, साबणावरून एकदा फिरवायचा आणि मग हलक्या हाताने घासत सुटायचं. मध्येमध्ये स्पंजने पाणी सोडायचं, म्हणजे निघालेला रंग लगद्यासारखा खाली वाहून जातो, पेपर भरत नाही आणि ओरखडा उठत नाही. ओल्या पत्र्यावर सगळंच चकचकीत दिसतं, तेव्हा डोळ्यावर भरवसा ठेवायचा नाही, तळवा फिरवून बघायचं. फिंटनने हे सगळं उचललं. पुढे पुढे थेडीच म्हणायला लागला की पोराच्या हाताला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

पण त्याच हातांनी दगा दिला. ब्लॅकवॉटर नदीकाठचं ते गॅरेज, भिंतीतून ओल झिरपायची, हिवाळ्यात बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरायची. त्यात सकाळपासून संध्याकाळपर्यंत हात. लग्न झालं त्या वर्षी फिंटनच्या बोटांच्या पेरांना भेगा पडल्या. पुढच्या हिवाळ्यात त्या भेगांतून रक्त यायला लागलं. बायको, कन्सेप्टा, शेतकऱ्याची मुलगी. तिने माहेराहून गाईच्या सडांना लावायचं मलम आणलं आणि ते चोळून त्याच्या हातांना रोज रात्री जुने मोजे चढवले. डिनीला हे कळल्यावर त्याने ते गॅरेजभर केलं. "अरे फिंटन, धार किती देतोस रे आता?" असं तो सकाळी सकाळी विचारायचा. फिंटन हसायचा आणि बादली भरायला जायचा.

मग इमेल्डा झाली. बाळ घरी आणलं त्या दिवशी फिंटनने तिचा गाल बोटाने कुरवाळला आणि गालावर लाल रेघ उठली. बाळ किंचाळलं. कन्सेप्टा म्हणाली, काही नाही, होतं असं. पण त्यानंतर तो मुलीला दुलईत गुंडाळल्याशिवाय उचलेना. उघड्या हाताने तिला धरायची त्याला भीतीच बसली. एकुलती मुलगी, आणि बाप तिला जळता निखारा चिमट्यात धरल्यागत धरतोय, हे कन्सेप्टाला बघवायचं नाही.

इमेल्डा दोनेक वर्षांची असताना हॉर्गनने हवेवर चालणारं घासायचं मशीन आणलं. एका बाजूला कॉम्प्रेसर, लांब रबरी नळी आणि टोकाला हातात मावेल अशी फिरती चकती. पाणी नको, साबण नको. मालकाने स्वतः एका मडगार्डवर चालवून दाखवलं. ज्या कामाला थेडीला सकाळ लागायची ते सिगारेट ओढून होईपर्यंत झालं. पत्रा कोरडा, म्हणजे तो वाळायची वाट बघणं नाही, आणि उघड्या लोखंडाला पाणी लागून आतून गंज धरायची भीतीही नाही. हॉर्गन खूश होता.

थेडी खूश नव्हता. त्याचं म्हणणं, ही धूळ बघा कशी उडतेय, ओल्या रंगावर बसली की रंग खरखरीत होणार. शिवाय चकतीला घाई असते, ती कडा खाते. हॉर्गन म्हणाला, रंगवायची खोली ताडपत्री लावून वेगळी करू. थेडी म्हणाला, करा. त्यापलीकडे तो बोलला नाही, कारण त्यापलीकडे त्याला काही ठाऊक नव्हतं. रंगात विष असतं एवढं सगळ्यांनाच माहीत होतं. रंगाऱ्याच्या पोटात कळा येतात, मनगटं लुळी पडतात, हे थेडीने जुन्या लोकांत पाहिलेलं. त्यावर जुन्यांचा उपायही ठरलेला होता, दूध. दुपारी जेवणाबरोबर गॅरेजातला प्रत्येक जण दुधाची बाटली रिकामी करायचा. दूध प्यायलं की विष मरतं अशी पक्की समजूत. फिंटनही न चुकता प्यायचा.

मशीन कोण चालवणार असं मालकाने विचारलं तेव्हा फिंटनने हात वर केला. थेडीने त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या हातांकडे पाहिलं आणि मान फिरवली.

आणि खरंच हात बरे झाले. वसंत येईपर्यंत भेगा भरून आल्या, कातडी मऊ झाली. तोंडाला फडकं बांधून तो दिवसभर मशीन चालवायचा. जुन्या गाड्यांवर रंगाचे थरावर थर, खाली शेंदरी अस्तर, त्याखाली डिनीने भरलेलं शिसं. चकती सगळ्यावरून सारखीच फिरायची. संध्याकाळी भुवया, टोपी, खांदे, सगळं तांबूस-करड्या पिठाने माखलेलं असायचं. तसाच सायकल मारत तो घरी यायचा.

इमेल्डा फाटकाशी उभी असायची. आता तो तिला उघड्या हातांनी उचलायचा, वर उडवायचा, झेलायचा. तिचा आवडता खेळ म्हणजे बापाच्या टोपीवर थाप मारायची. धूळ उडाली की ती म्हणायची, "बर्फ पडला!" मग तो मान हलवून आणखी बर्फ पाडायचा. तिच्या केसांत, पापण्यांवर, जॅममाखल्या बोटांवर ती धूळ बसायची आणि बोटं परत तोंडात जायची. कन्सेप्टा मागच्या पायरीवर उभी राहून त्याचे कामाचे कपडे झटकायची आणि मग स्वयंपाकघरातल्या चुलीशेजारच्या खुंटीला अडकवायची. त्या दिवसांत आपलं घर सुखी आहे असं तिला वाटायचं आणि ते खोटं नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात पोर किरकिर करायला लागली. आधी जेवण सुटलं. मग पोट धरून बसायची, रडायची. चालता चालता पडायची. रंग मेणासारखा झाला. गावातल्या डॉक्टरने जंत म्हटलं आणि जंताचं औषध दिलं. मग रक्त कमी आहे म्हणून लोहाचं टॉनिक दिलं. त्याने दात काळे झाले, बाकी काही नाही. कन्सेप्टाने सेंट ब्रिजिडला मेणबत्त्या लावल्या. डिनीची बायको नुआला म्हणाली, माझा तिसराही असाच चिडचिडा आहे, वाढीच्या वयात असतं.

एका रविवारी प्रार्थनेहून येऊन नाश्त्याला बसलेले असताना इमेल्डाच्या हातातला चमचा पडला आणि तिचं अंग ताठ झालं. डोळे वर गेले. हातपाय झटके द्यायला लागले. फिंटनने तिला उचललं आणि तसाच रस्त्यावर पळत सुटला. शेजारच्या खाटकाने आपली व्हॅन काढली. कॉर्क शहरातल्या इस्पितळात पोचेपर्यंत झटके थांबले होते, पण पोर डोळे उघडत नव्हती.

तिथे हॅनफिन नावाची एक डॉक्टरीण होती, केरीकडची, कमी बोलणारी. तिने एक्सरे काढून घेतले आणि दुसऱ्या दिवशी फिंटनला बोलावून गुडघ्याच्या हाडांत उमटलेल्या पांढऱ्या रेघा दाखवल्या. मग ती म्हणाली, "तुम्ही काम काय करता?"

"गाड्या रंगवतो."

"जुना रंग घासून काढता?"

"हो."

"पाणी घालून, की कोरडा?"

 गॅरेजच्या बाहेर हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारला नव्हता. "कोरडा," तो म्हणाला. "दीडएक वर्ष झालं. आधी पाण्याने घासायचो. हात फुटायचे म्हणून..." त्याने हात पुढे केले. का केले ते त्याचं त्यालाच समजलं नाही. चांगले, स्वच्छ, मऊ हात होते.

"कामावरून त्याच कपड्यांत घरी जाता?"

त्याने होकाराने मान हलवली.

तिने समजावून सांगितलं. त्या रेघा म्हणजे पोरीच्या अंगात गेलेलं शिसं, जुन्या रंगात ते असतंच. पाण्यात शिसं लगद्याबरोबर वाहून जातं. कोरडं घासलं की त्याचं पीठ होतं आणि ते जिथे बसेल तिथे राहतं. मोठ्या माणसाला ते हळूहळू खातं, लहान पोराच्या मेंदूला पटकन. दुधाचा काही उपयोग नसतो. इंजेक्शनं देऊन अंगातलं शिसं काढता येईल, पण जे बिघडलं ते सगळं परत येईलच असं ती सांगू शकत नव्हती. तुमची काही चूक नाही, असंही ती म्हणाली. फिंटनने ते ऐकलं, पण ते त्याच्यापाशी थांबलं नाही.

कन्सेप्टा जिन्यात बसली होती, मांडीवर पोरीचा कोट. तो तिच्या शेजारच्या पायरीवर बसला आणि त्याने काही न लपवता सगळं सांगितलं. ती बराच वेळ कोटाची बटणं लावत आणि काढत राहिली.

"मी आणलं ते घरात," तो म्हणाला.

"झटकत मी होते," ती म्हणाली. "रोज. ती पायऱ्यांखाली खेळत असायची, आणि मी वरून झटकत होते."

"तुला काय माहीत?"

"आणि तुला रे? तुला माहीत होतं?"

 त्याला दुधाच्या बाटल्या आठवत होत्या. विष आहे एवढं माहीत होतं, नाहीतर दूध कशाला प्यायला असता? स्वतःपुरतं दूध पिऊन तो घरी येत होता. हे त्याने तिला त्या दिवशी सांगितलं नाही. पुढे कधीतरी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मला ते तेव्हाच कळलं होतं.

पोर इस्पितळात असताना फिंटन घरी आला आणि त्याने घर धुऊन काढलं. झाडू लावला नाही, ओल्या फडक्याने पुसलं. भिंती, फळ्या, चुलीमागची जागा, पाळण्याचे गज. मागच्या पायरीखालची माती खणून नेली. टोपी, कामाचे कपडे, पोरीची दुलई आणि कापडी बाहुली त्याने परसात जाळायला घेतली, मग धूर घराकडे वळलेला बघून घाबरून पाणी ओतलं आणि सगळं खोल पुरलं.

मग तो गॅरेजात गेला. मशीन बंद करून सगळ्यांना जवळ बोलावलं आणि डॉक्टरीण काय म्हणाली ते सांगितलं.  हॉर्गन म्हणाला की ऐकून फार वाईट वाटलं, पण शिसं काय माझ्याच गॅरेजात आहे का, नळाच्या पायपात आहे, पेट्रोलमध्ये आहे. गावभर बोलून माझं दुकान बसवू नकोस. फिंटन म्हणाला, दुकानाचं तुम्ही बघा, मी आजपासून पाण्याने घासणार. हॉर्गन म्हणाला, घास. मशीन दुसरं कोणी चालवेल.

"म्हणजे मी," डिनी म्हणाला आणि हसला, पण हसू पुरतं उमटलं नाही. "तुझ्या पोरीचं वाईट झालं, फिंटन. पण माझी पाच आहेत आणि घोड्यासारखी पळतात. डॉक्टर लोकांना काहीतरी नाव द्यावं लागतं रे."

"तिसऱ्याला घेऊन जा," फिंटन म्हणाला.

"कोणाला?"

"डोनलला. नुआला म्हणत होती चिडचिडा झालाय. घेऊन जा त्याला."

डिनीचा चेहरा बदलला. माझ्या घरात नाक खुपसू नकोस, असं तो म्हणाला आणि पुढे काही दिवस त्याने फिंटनशी बोलणं टाकलं. पण नुआला गप्प बसली नाही. नवरा कामावर असताना तिने डोनलला बसने कॉर्कला नेलं. त्याच्याही हाडांत रेघा निघाल्या. त्याचं दुखणं लवकर सापडलं. इंजेक्शनांनी सुधारला, शाळेत थोडा मागे पडला एवढंच. डिनी एका सकाळी फिंटनच्या बादलीशेजारी येऊन उभा राहिला. त्याने बादली उचलली आणि नळावरून भरून आणली. त्या उन्हाळ्यात तो बायकापोरांना घेऊन इंग्लंडला, कॉव्हेंट्रीला निघून गेला.

थेडीने ते मशीन कधी हातात धरलं नव्हतं, तरी त्याला हे सगळ्यात जास्त लागलं. सगळं आयुष्य तो पाण्याने घासत आला, पण चांगल्या कामासाठी, झिलईसाठी. पाणी आणखी काय करतं याचा त्याने कधी विचार केला नव्हता. तो फिंटनला म्हणाला, "मला माहीत असतं तर मी तुला अडवला असता. मारून अडवला असता." फिंटन म्हणाला, माहीत आहे. थेडी त्याच वर्षी काम सोडून घरी बसला.

इमेल्डा घरी आली तेव्हा तिला चालता येत होतं, पण शिकलेले शब्द गेले होते. काही हळूहळू परत आले, काही आलेच नाहीत. माणसं ओळखायची, पण त्यांची नावं टिकायची नाहीत. कधी लहानशा गोष्टीवरून डोकं भिंतीवर आपटायची. शाळेत घातलं, वर्षभराने शाळेने परत पाठवली. झटके वर्षातून कधीतरी यायचेच.

फिंटनने कामाच्या कपड्यांसाठी परसात पत्र्याची एक खोली केली. तिथे कपडे उतरवायचे, नळाखाली डोकं धुवायचं, मग घरात पाऊल. जानेवारीतही. ओल्या घासकामाचा लगदासुद्धा तो वाळू द्यायचा नाही, लगेच धुऊन काढायचा, कारण वाळला की त्याचीही धूळच होते. हात पुन्हा फुटले, पहिल्यापेक्षा वाईट. कन्सेप्टाने मलम पुढे केलं तर तो नको म्हणायचा. तिने एकदा दोनदा आग्रह केला, मग सोडून दिला. फुटलेले हात तो जपून ठेवतोय हे तिला दिसत होतं आणि तिला त्याचा रागही यायचा. "तुझे हात दुखले म्हणून ती बरी होणार आहे का?" असं ती एकदा म्हणाली. तो उठून परसात गेला.

दुसरं मूल त्यांनी होऊ दिलं नाही. पाद्रीबाबांनी त्यावरून दोन शब्द सुनावले तेव्हा कन्सेप्टा त्यांना म्हणाली, "फादर, एकीचं करून हात रिकामे झाले की सांगते." दोघं भांडत नव्हते. एकाच ओझ्याची दोन टोकं धरून चालणाऱ्या माणसांसारखे होते. बोलायला दम उरत नाही.

हॉर्गनचं मशीन चालू राहिलं. नवी माणसं आली, डबलिनच्या कंपनीचे नवे रंग आले, शिशाची जागा डब्यातल्या पुट्टीने घेतली. ताडपत्रीच्या अलीकडे फिंटन बादली घेऊन बसायचा आणि फक्त शेवटचा हात मारायची कामं करायचा, जिथे आरशासारखी झिलई लागते. नव्या माणसाला तो पहिल्याच दिवशी एवढं विचारायचा की घरी लहान मूल आहे का. आहे म्हणाला तर पत्र्याच्या खोलीची गोष्ट सांगायचा. कोणी ऐकायचं, कोणी नाही. एकाने तोंडावर म्हटलं की बाबा, तुम्ही आम्हाला शाप दिल्यासारखं बोलता. त्यानंतरही त्याने विचारणं सोडलं नाही.

पन्नाशी उलटल्यावर त्याच्या अंगावर सूज यायला लागली. मूत्रपिंडं निकामी झाली होती. शिसं मोठ्या माणसाला हळूहळू खातं, हे त्याला कुणी नव्याने सांगायची गरज नव्हती. तो शांत होता, कन्सेप्टाला वाटलं जरा जास्तच शांत. शेवटच्या आठवड्यात तो तिला एवढंच म्हणाला की माझ्यामागे इमेल्डाला संस्थेत टाकू नकोस. कन्सेप्टा म्हणाली, "तू काय मला शिकवतोस?" मग ती खोलीबाहेर जाऊन रडली.

तो गेला तेव्हा जुन्या रीतीप्रमाणे त्याला शेवटच्या दर्शनासाठी घरातच ठेवलं. दुपारभर माणसं येत होती, चहा, हॅमचे सँडविच, खुर्च्या शेजाऱ्यांकडून आणलेल्या. हॉर्गन हातात टोपी घेऊन दारातच थोडा वेळ थांबला आणि गेला. कॉव्हेंट्रीहून डिनी आला, केस पांढरे झालेला, आणि त्याच्याबरोबर त्याचा तिसरा मुलगा, आता तिशीतला डोनल. डिनी शवपेटीशेजारी उभा राहून हुंदके देत रडला. माणसांसमोर तो कधी रडला नव्हता.

इमेल्डा तेव्हा मोठी बाई झाली होती, आईने नीट विंचरलेले केस, काळा झगा. ती प्रत्येकापाशी जाऊन नाव विचारायची, ऐकायची, आणि थोड्या वेळाने परत येऊन तेच विचारायची. माणसं एकदा सांगत, दोनदा सांगत, मग चहाचं निमित्त करून उठत. डोनल तिच्या शेजारच्या खुर्चीत बसून राहिला.

"तुझं नाव काय?" तिने विचारलं.

"डोनल."

ती खिडकीकडे बघत राहिली. मग वळली. "तुझं नाव काय?"

"डोनल," तो म्हणाला.

कन्सेप्टा दारातून बघत होती. बरीच माणसं आली आणि गेली, बाहेर अंधारून यायला लागलं, तरी तो पोरगा उठला नाही. ती किटली भरायला आत गेली.